क्रिस्तपुराण : धर्म जोडतो कीं तोडतो?

धर्मानें माणसें एकत्र येतात कीं परस्परांपासून तुटतात, हा वाद जुना आहे, आणि केवळ तर्काच्या बळावर तो कधीं निकालास लागेल अशी आमची समजूत नाहीं. इतिहाससंशोधकास त्यांत पडावयाचेंच तर त्यानें आपल्या साधनांनिशीं पडावें. म्हणजे पोथी, तिची लिपि, ती कोणीं रचिली, कोणीं उतरून घेतली, कोणीं मना केली व कोणीं दडवून राखिली, हें समोर ठेवून बोलावें. ह्या वादांत एका मराठी ग्रंथाची साक्ष दोन्हीं बाजूंनीं वारंवार काढण्यांत येते. तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराण. एक पक्ष म्हणतो, इंग्रजानें मराठी ओवींत येशूचें चरित्र गावें, ह्याहून धर्माधर्मांच्या मिलाफाचें दुसरें कोणतें प्रमाण पाहिजे? दुसरा म्हणतो, हें सारें कपट आहे. पुराणाचा वेष घेऊन आलेला हा धर्मांतराचा सांपळा आहे. दोन्हीं पक्षांच्या बोलण्यावरून एक गोष्ट मात्र उघड दिसते, ती ही कीं समग्र ग्रंथ वाचण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली आहे. मराठीच्या स्तुतीच्या चार ओव्या क्रमिक पुस्तकांतून पाठ झाल्या म्हणजे सुमारे ११,००० ओव्या वाचल्याचें पुण्य पदरीं पडत नाहीं.

ग्रंथाची माहिती प्रथम थोडक्यांत देतों. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. जेसुइट संघांत शिरून तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला आणि १६१९ सालीं मरण येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, मुख्यतः साष्टी प्रांतांतच वावरला. त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ ह्या सालीं पुन्हां छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर, म्हणजे आपण ज्यांस अध्याय म्हणतों ते, आहेत. पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून यहुदी लोकांच्या संदेष्ट्यांपर्यंतची कथा येते. दुसऱ्यांत मरियेचें व येशूचें चरित्र, क्रूसावरील मरण व पुनरुत्थान. ह्या तिन्हीं जुन्या आवृत्त्यांपैकीं एकाहि आवृत्तीची प्रत आज अवशिष्ट नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिजकडे आम्हांस पुढें वळावयाचें आहे.

आमच्या मतें ह्या ग्रंथाचें मर्म त्याच्या पहिल्याच अवस्वरांत आहे, आणि ज्या कोणास धर्माच्या गुणदोषांविषयीं ह्या ग्रंथाची साक्ष काढावयाची असेल त्यानें तेथून आरंभ करावा. प्रसंग असा. साष्टींत ख्रिस्ती धर्माची शिकवण चालली असतां श्रोत्यांपैकीं एक जण उठून पाद्रीस विनंति करतो. तिचें तात्पर्य असें कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं आम्हांस मना केलीं; तर मग त्यांसारखें दुसरें कांहीं आमच्यासाठीं कां करीत नाहीं? नुसत्या प्रश्नोत्तरांच्या शिकवणीनें आमचें मन रमत नाहीं. पाद्री ती विनंति मान्य करतो आणि त्या निमित्तानें कथा सुरू होते.

हा प्रसंग कवीनें कल्पिलेला असो किंवा खरोखर घडलेला असो, त्याची साक्ष सारखीच मोलाची आहे. कारण येथें ग्रंथकार स्वतः, कोणी न विचारतां, सांगून जातो कीं माझें पुराण हें एका हिरावून घेतलेल्या वस्तूच्या जागीं ठेवलेलें आहे. ज्या समाजाला शेंकडों वर्षें रात्रीं देवळाच्या सभामंडपांत बसून कथा ऐकण्याची संवय, त्याची कथा बंद झाली. नवा धर्म मिळाला, पण कथा मिळाली नाहीं. ही भूक स्टीफन्सनें ओळखली, आणि त्या वेळच्या गोव्यांत ती ओळखणारे पाद्री बहुत होते असें नाहीं. समन्वयवाद्यांनीं 'मना' ह्या गोष्टीकडे डोळेझांक केली आहे, कपटवाद्यांनीं भुकेकडे. दोन्हीं गोष्टी एकाच ओळींत आहेत, आणि एक सोडून दुसरी घेतां येत नाहीं.

मनाई किती कडक होती, ह्याचा विस्तार करण्याची गरज नाहीं. ती माहिती पोर्तुगीज दप्तरांवरून पूर्वींच प्रसिद्ध झालेली आहे. तिसवाडींतील देवालयें १५४० च्या सुमारास पाडण्यांत आलीं, साष्टींतील १५६६-६७ त. इन्क्विझिशनचें न्यायासन गोव्यांत १५६० सालीं बसलें तें, मध्यंतरींचीं १७७४ ते १७७८ हीं वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत उठलें नाहीं. भक्तांनीं देव उचलले आणि खाडी ओलांडून अंत्रुजांत नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. अंत्रुज महाल त्या वेळीं आदिलशहाच्या अमलाखालीं होता. म्हणजे एका परधर्मी सत्तेनें हांकलून दिलेले देव दुसऱ्या परधर्मी सत्तेच्या मुलखांत सुखरूप बसले. ह्यावरून आदिलशाही सर्वकाळ उदार होती असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. १६५९ सालीं अफझलखान त्याच दरबारांतून निघाला होता. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती अशीं तीन नांवें घेऊन 'धर्म' काय करतो तें ठरवूं पाहणें फसवें आहे. एकच धर्म दहा कोसांच्या अंतरावर दोन निरनिराळ्या तऱ्हांनीं वागतांना दिसतो.

ह्याचें याहूनहि बोलकें उदाहरण स्टीफन्सच्या डोळ्यांदेखत घडलें. रुदोल्फ आक्वाविवा हा त्याचाच संघबंधु १५८० सालीं अकबराच्या फत्तेपूर शिक्रीस गेला. तेथें बादशहानें १५७५ सालीं बांधविलेल्या इबादतखान्यांत मुल्ला-मौलवींशीं त्याचे वाद झाले. कोणाचें मत पालटलें असें दिसत नाहीं, पण कोणाचें रक्तहि सांडलें नाहीं. १५८३ सालीं तो गोव्यास परतला, साष्टीच्या कामावर नेमला गेला, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें चार सोबत्यांसह कुंकळ्ळीस गेला. देवळें पाडल्यामुळें गांव आधींच चिडलेला होता. पाद्री आतां देवळासाठीं नव्हे तर इगर्जीसाठीं जागा पाहावयास आले होते. गांवकऱ्यांनीं त्या पांचांस व त्यांच्या बरोबरच्या आणखी कांहीं ख्रिस्ती लोकांस ठार केलें. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळण्याच्या कोटांत बोलाविलें आणि मारलें. स्टीफन्स त्या वेळीं साष्टींतच होता. पाद्र्यांचे देह मिळवून रायतुरास आणण्याच्या कामीं तो होता. ह्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबरला त्यानें आपल्या भावास जें पत्र लिहिलें त्यांत ह्या देशच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असें त्यानें नमूद केलें आहे. विल्यम जोन्सच्या आधीं दोनशें वर्षें केलेलें हें निरीक्षण म्हणून भाषाशास्त्रज्ञ त्या पत्राचा गौरव करतात. आम्हांस त्या पत्राची तारीख अधिक विचारांत पाडते. शिक्री व कुंकळ्ळी ह्या दोन ठिकाणीं माणूस तोच, त्याचा धर्म तोच; फरक इतकाच कीं एके ठिकाणीं तो पाहुणा होता व दुसऱ्या ठिकाणीं त्याच्या पाठीशीं कोट व तोफा होत्या.

ही पार्श्वभूमि मनांत ठेवून पुराण वाचावें म्हणजे त्यांतील गोडी अधिक नवलाची वाटते. भाषा अस्सल आहे. परक्याची मराठी म्हणून सूट द्यावी लागेल अशीं स्थळें थोडीं. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो, ईश्वरास परमेश्वर. मध्येंच कोंकणी वळणाचे शब्द सहज येतात आणि ओवीचा ठेका न मोडतां बसतात. श्रोत्यांनीं शंका विचारावी व वक्त्यानें उत्तर द्यावें, ही आपल्या पुराणांची घडणच त्यानें उचलली आहे. मूर्तिपूजेचा निषेध ग्रंथांत आहे, आणि तो जेथें येतो तेथें कवि थोडा मागें हटून प्रचारक पुढें येतो. ओवीहि तेथें कोरडी पडते. पण कथेंत शिरल्यावर त्याला तें भान राहत नाहीं. बेथलेहेमची रात्र आणि मरियेचा शोक ह्या स्थळीं वाचणारा हिंदु असो वा ख्रिस्ती, कथेच्या ओघांत तो वाहून जातो. हे गुण आम्ही मनमोकळेपणानें मान्य करतों. दोष एकच मोठा दाखवितों. श्रोत्यांस शंका विचारण्याची मुभा आहे, परंतु ज्या पुराणांच्या आठवणीनें ते कळवळले त्या पुराणांच्या बाजूनें बोलण्याची मुभा नाहीं. संवादाचा सांचा आहे; एका बाजूच्या वक्त्याचें आसन मात्र रिकामें आहे.

ह्या ठिकाणीं एकनाथांच्या हिंदु-तुर्क संवादाची आठवण होते. तो संवाद वाचून कानांत बोटें घालणारे सोवळे वाचक आम्हांस ठाऊक आहेत. दोघेहि एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टवाळी करतात, दोघांच्याहि जिभेला हाड नाहीं. आणि शेवटीं दोघे एकमेकांस आलिंगन देतात. तें आलिंगन खरें वाटतें, कारण त्यापूर्वीं दोघांनींहि पोटभर बोलून घेतलें आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद ह्यांचा योगसंग्रामहि असाच. मुसलमान कुळांत जन्मलेला हा संत मराठी ओवींत अद्वैत सांगतो, आणि सांगतांना क्षुद्र दैवतांच्या भजनीं लागलेल्यांस सोडीत नाहीं तसा ढोंगी फकिरांसहि सोडीत नाहीं. त्याला ओवी कोणी मना केली नव्हती, कुराणहि मना केलें नव्हतें. क्रिस्तपुराणाच्या साष्टींत ही मोकळीक नव्हती. काव्यगुणांत स्टीफन्स शेख महंमदांहून कमी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं; सफाई त्याच्या ओवींत अधिकच आहे. पण मिलाफाचा दाखला म्हणून दोघांचीं नांवें एका दमांत घेणें ही ऐतिहासिक चूक आहे, आणि ती आजकाल सभासंमेलनांतून सर्रास होते.

उलट बाजूनें, कपटवाद्यांचें खंडन आम्ही करतों तें तर्कानें नव्हे, पोथ्यांच्या पुराव्यानें. क्रिस्तपुराणानंतर एतिएन द ला क्र्वा नांवाच्या फ्रेंच जेसुइटानें संत पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचिला. तो १६२९ पासून पुढें गोव्यांतच छापला गेला. त्यांत हिंदु देवदेवतांचें खंडण जागोजाग व कडवट आहे. धर्मांतराचें हत्यार म्हणून पाहिलें तर हा ग्रंथ स्टीफन्सच्या ग्रंथाहून कितीतरी धारदार. त्याची छापील प्रत आजहि पाहावयास मिळते. स्टीफन्सच्या पुराणाच्या छापील प्रती मात्र सर्व नष्ट झाल्या, आणि तरीहि तें पुराण जगलें. कसें? लोकांनीं तें हातानें उतरून घेतलें म्हणून. छापलेल्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत करणें हें काम हौसेचें नव्हे. अकरा हजार ओव्या बोरूनें लिहावयास किती रात्री लागतात, हें ज्यांनीं एखादी ज्ञानेश्वरी उतरली आहे त्यांनींच सांगावें. कोणत्याहि न्यायासनानें हें काम कोणावर लादलेलें नव्हतें.

आणि हे उतरून घेणारे लोक केवळ गोव्यांतले नव्हेत. गोव्यांतून दक्षिणेस कानडा प्रांतांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हीं बाडें बरोबर नेलीं. उपवासाच्या दिवसांत त्यांचें वाचन होई. १७८४ सालीं टिपूनें ह्या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ सालीं तो पडेपर्यंत जे जगले ते कैदेंत राहिले. त्या काळीं ह्या पुराणाच्या वाचनानें त्यांस धीर आला, अशी त्या समाजांत परंपरा आहे. जोसेफ साल्दान्य ह्यानें १९०७ सालीं मंगळुरास जी आवृत्ति काढली, ती अशा घरगुती प्रतींवरूनच. आतां ह्या कैद्यांच्या बाबतींत धर्मानें तोडलें म्हणावें कीं जोडलें? धर्मामुळेंच ते धरले गेले आणि धर्मामुळेंच टिकले. आणि ज्या भाषेनें त्यांस धीर दिला ती पंढरीच्या वाटेवरची भाषा होती. ज्यांनीं हें पुराण सांपळा म्हणून हेटाळलें त्यांनीं ह्या वाचकांचा हिशेब कधीं मांडलेला नाहीं.

आतां लिपीचा प्रश्न घेतों, कारण आमच्या मतें खरा दुभंग तेथें आहे. १६०८ सालीं स्टीफन्सनें रोमला संघाच्या प्रमुखास पत्र पाठवून इच्छा व्यक्त केली कीं, मरण्यापूर्वीं ह्या देशाच्या भाषेंत व ह्याच देशाच्या अक्षरांत छापलेले ग्रंथ पाहावयास मिळावेत, जसे मलबारांत निघाले तसे. अडचण खिळ्यांची होती. जोडाक्षरें धरून सुमारे ६०० ठसे पाडावे लागतील असा अंदाज होता. पत्र ज्यास लिहिलें तो प्रमुख क्लाउदियो आक्वाविवा, कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुदोल्फचा चुलता. पुतण्या ज्या मुलखांत मेला तेथल्या अक्षरांसाठीं चुलत्याकडे मागणें, ही गोष्ट स्टीफन्सच्या स्वभावावर बराच प्रकाश पाडते. ठसे पाडले गेले नाहींत. पुराण रोमन अक्षरांत निघालें आणि पुढें त्याच अक्षरांत उतरलें गेलें. परिणाम असा झाला कीं घाटावरच्या मराठी वाचकास, ज्याच्या भाषेंत तें लिहिलें होतें त्यालाच, तीन शतकांहून अधिक काळ तें मुकें राहिलें. १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली तेव्हां कोठें तें सामान्य वाचकाच्या हातीं पडलें. त्यानंतर १९९६ सालीं कारिदाद द्रागो ह्यांची आवृत्ति मुंबईस निघाली.

एक देवनागरी प्रत मात्र फार पूर्वींपासून अस्तित्वांत होती. सुमात्राचा इतिहासकार विल्यम मार्सडेन ह्याच्या संग्रहांतील हीं दोन बाडें, आदिपुराण व देवपुराण ह्या नांवांचीं, लंडनच्या प्राच्यविद्यालयांत जस्टिन ॲबट ह्यांस गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत आढळलीं. ॲबट हे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून वाचकांस परिचित आहेत. त्यांनीं घोषणा केली कीं स्टीफन्सचा मूळ देवनागरी पाठ तो हाच. रोमन पाठ हें छापण्याच्या सोयीसाठीं केलेलें लिप्यंतर. युक्तिवाद मोहक आहे, आणि १६०८ च्या पत्रानें त्यास पुष्टीहि मिळते. परंतु मार्सडेन प्रतींत एक लक्षण असें आहे कीं त्यामुळें आम्ही ॲबट ह्यांच्याशीं सहमत होऊं शकत नाहीं. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन धर्मपरिभाषा आहे तेथें ह्या प्रतींत बहुशः संस्कृत शब्द बसविलेले आहेत. स्टीफन्सनें आधीं संस्कृत शब्द योजून मग ते काढून परके शब्द घातले, असें मानावें कीं कोणी मागाहून परके शब्द काढून संस्कृत घातले, असें मानावें? इन्क्विझिशनच्या देखरेखीखालीं छापतांना पहिली गोष्ट अशक्य नव्हती, हें आम्ही जाणतों. तथापि पाठनिर्णयाचा सामान्य नियम असा कीं, वाचकास अडखळविणारा शब्द मागाहून कोणी मुद्दाम घालीत नाहीं. सुबोध शब्द घालतो. ह्या न्यायानें रोमन पाठ जुना व मार्सडेन पाठ संस्कारित ठरतो. संस्कार करणारा कोण व तो कोणत्या वाचकांसाठीं करीत होता? देवनागरी वाचणाऱ्यांसाठीं, हें उघड आहे. म्हणजे ज्या वाचकांस पुराण मुकें झालें होतें त्यांच्यापर्यंत तें पोंचविण्याचा प्रयत्न कोणीतरी एकदां केला होता.

पहिल्या अक्षराचीहि गंमत सांगण्यासारखी आहे. साल्दान्यच्या आवृत्तींत मंगलाचरण 'वो' ह्या अक्षरानें सुरू होतें. कोणी त्यांत प्रणव पाहतात, कोणी साधें संबोधन. चार शतकांनंतर आपण एका अक्षरावरून ग्रंथकाराच्या अंतःकरणाचा ठाव घेऊं पाहतों, आणि तें अक्षर देवनागरींत असतें तर वादच उरला नसता!

मनाई करणाऱ्यांच्याच हातून पोथ्या जगल्या, हेंहि सांगितलें पाहिजे. नाहींतर आमचें लेखन एकांगी होईल. पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत ७७१, ७७२ व ७७३ ह्या क्रमांकांचीं तीन बाडें आहेत. त्यांत रामायण-महाभारतांतील कथा आहेत, कांहीं कोंकणी व मराठी गद्यांत, कांहीं मराठी ओवींत, आणि त्या सर्व रोमन अक्षरांत. ह्या कथांचा संबंध केळशीच्या कृष्णदास शामाशीं जोडला जातो. शके १४४८, म्हणजे इ. स. १५२६ मध्यें, ज्यानें श्रीकृष्णचरित्रकथा रचावयास घेतली तो हा कवि. जी केळशी सोडून शांतादुर्गेस कवळ्यास जावें लागलें, तीच ही केळशी. पाद्र्यांनीं भाषा शिकण्यासाठीं ह्या नकला करविल्या, असें मानण्यांत येतें. ज्या कथा साष्टीच्या घरांत सांपडल्या असत्या तर गुन्हा ठरला असता त्या पाद्र्यांच्या मठांत अभ्यासाच्या मेजावर होत्या. स्टीफन्सची ओवी अशाच पोथ्यांवर पोसली. तेव्हां क्रिस्तपुराणाचें ऋण मना केलेल्या पुराणांवर आहे. आणि त्या मना केलेल्या पुराणांपैकीं साष्टींतलीं कांहीं आज आपणांस वाचावयास मिळतात, त्याबद्दल थोडें ऋण आपणांवरहि आहे. हें दुसरें ऋण मान्य करावयास जड जातें, म्हणून तें येथें मुद्दाम लिहून ठेवितों.

पुढें ही विद्याहि संपली. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर ह्यानें हुकूम काढून तीन वर्षांत लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्माविलें. स्टीफन्स मरून अजून सत्तर वर्षेंहि झालीं नव्हतीं. ज्या राज्यांत पाद्री देशभाषेचे व्याकरण लिहीत होते (स्टीफन्सचेंच व्याकरण १६४० सालीं रायतुरास छापलें गेलें) त्या राज्यांत ती भाषाच अपराधी ठरली. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, आतां मनाई ख्रिस्ती पुराणावरहि येऊन आदळली. हिंदूंचीं पुराणें बंद करून जो आरंभ झाला तो ख्रिस्ती श्रोत्यांच्या तोंडची ओवी बंद करून थांबला. क्रिस्तपुराणाच्या छापील प्रती कां उरल्या नाहींत, ह्या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्यानें हा हुकूम दृष्टीआड करूं नये. अलीकडे हें पुराण मराठीचें कीं कोंकणीचें म्हणून जो कलह माजतो, त्यांतील दोन्हीं बाजूंस आमची विनंति आहे कीं १६८४ च्या हुकुमांत हा भेद कोणीं केला नव्हता.

कुंकळ्ळीची गोष्ट अर्धवट सोडली होती. तेथील शांतादुर्गा फातर्प्यास गेली व तेथेंच आहे. दरवर्षीं शिमग्याच्या सुमारास देवीची मिरवणूक आपल्या जुन्या गांवीं येते. तिच्यापुढें बारा छत्र्या चालतात. गांवकऱ्यांच्या बारा वांगडांची प्रत्येकी एक. वांगड म्हणजे कूळ, आणि ह्या कुळांपैकीं कित्येकांचे वंशज आज ख्रिस्ती आहेत. तेहि ह्या उत्सवांत भाग घेतात. धर्म पालटला, कूळ पालटलें नाहीं, छत्रीवरचा हक्कहि सुटला नाहीं. १५८३ च्या घटनेचा अभ्यास करणाऱ्यांनीं दप्तरें पाहावींत, पण ह्या छत्र्याहि पाहाव्यात. हें साधन कागदाचें नाहीं, तरी अस्सल आहे.

शेवटीं संग्राहकांस उद्देशून दोन शब्द. क्रिस्तपुराणाच्या ज्ञात प्रती थोड्या आहेत. पणजीचें मध्यवर्ती ग्रंथालय, पिळारचा मठ व पर्वरीचें थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र येथें हस्तलिखितें आहेत. लंडनचीं दोन बाडें वर सांगितलींच. साष्टी, बारदेश, कारवार व मंगळूर ह्या टापूंतील जुन्या घरांच्या माळ्यांवर सुटीं पानें असण्याचा संभव पुष्कळ आहे. हिंदु संग्राहक रोमन अक्षरांचें बाड दिसलें कीं पोर्तुगीज समजून बाजूस सारतात. ख्रिस्ती घरांत ओवी दिसली कीं ती कोणा हिंदूची समजून टाकून दिली जाते. असें पान हातीं आल्यास प्रथम ओवीचे चरण मोजावेत, मग अक्षराचें वळण व कागदावरील पाणचिन्ह पाहावें, आणि पानाच्या समासांत कोणीं देवनागरींत कांहीं लिहून ठेवलें आहे काय तें तपासावें. विशेषतः पहिल्या अवस्वराचीं पानें मिळाल्यास त्यांतील विनंतीच्या प्रसंगाचा पाठ शब्दशः उतरून मंडळाकडे धाडावा. पुराणें मना केल्याचा उल्लेख कोणत्या प्रतींत जसाच्या तसा राहिला आहे आणि कोणत्या प्रतींत नक्कलकारानें तो सौम्य केला आहे, हें ताडून पाहावयाचें आहे.